आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप: करारापासून प्रमाणपत्रापर्यंत

आयटीआयचा निकाल लागला की आमच्या जुन्या आयटीआयमधल्या पोरांचे फोन यायला लागतात. मी चाकणला मेंटेनन्सला आहे, फिटर ट्रेड, अप्रेंटिसशिप करूनच आलेलो. फोनवर प्रश्न ठरलेला असतो: "दादा, डायरेक्ट कंपनीत लागू की अप्रेंटिस करू?" आणि त्यामागोमाग दुसरा: "एक जण पाच हजार मागतोय, लावतो म्हणतोय, देऊ का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी. देऊ नका. शिकाऊ उमेदवार (म्हणजेच अप्रेंटिस) म्हणून लागायला कुणालाच एक रुपयाही द्यायचा नसतो. काही सरकारी जाहिरातींत अर्जाची फी असते, ती ऑनलाइन भरतात आणि पावती मिळते. फोनपेवर मागितलेली 'फी' ही फी नसते.

पहिल्याचं उत्तर लांब आहे, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतोय.

१. तुम्ही कामगार नाही, हे आधी पक्कं करा

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. त्यात स्पष्ट म्हटलंय की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणजे पगार नाही, विद्यावेतन. पीएफ कापला जात नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागत नाही. वर्ष संपल्यावर कंपनीने तुम्हाला कायम केलंच पाहिजे असंही बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कंपनीने आपलं भरती धोरण ठरवायचं असतं, एवढंच. "एक वर्ष कर, मग परमनंट" असं कुणी तोंडी सांगितलं तर मान डोलवा, पण त्यावर गावाकडे घराचं बांधकाम काढू नका.

पण याच कायद्याची दुसरी बाजू पोरांना कुणी सांगत नाही. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात: एकूण मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के, जास्तीत जास्त १५ टक्के. यात कंत्राटी माणसंही मोजली जातात. तेव्हा एचआरसमोर बसताना कंपनी उपकार करतेय असा चेहरा करायचं कारण नाही. त्यांनाही आकडा भरायचा असतो. शिवाय पीएफ-ईएसआय नसलेला माणूस स्वस्त पडतो. म्हणूनच काही कंपन्या अप्रेंटिस घेतात भरपूर आणि शिकवतात कमी. त्यावर पुढे बोलू.

२. खरी अप्रेंटिसशिप कोणती, नुसतं 'ट्रेनी' कोणतं

गेटवर सगळ्यांनाच 'ट्रेनी' म्हणतात. तीच गोम आहे. मुलाखतीत हे नीट विचारून घ्या.

डेझिग्नेटेड ट्रेड: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे सरकारने ठरवलेले ट्रेड. अभ्यासक्रम ठरलेला, शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. आयटीआय झालेल्याने हेच घ्यायचं. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना साधारण एक वर्ष लागतं.

ऑप्शनल ट्रेड: हा अभ्यासक्रम कंपनी ठरवते. रिटेल, लॉजिस्टिक्स, असेंब्ली वगैरे. दहावी-बारावी झालेल्या, हातात ट्रेड नसलेल्या मुलांना ठीक आहे. पण तुम्ही फिटर असाल आणि करारात ऑप्शनल ट्रेडखाली 'असेंब्ली ऑपरेटर' लिहिलेलं असेल, तर तुमची फिटरची दोन वर्षं त्या करारात कुठेच दिसणार नाहीत.

डिप्लोमा आणि पदवीवाले: त्यांचं पोर्टल वेगळं, एनएटीएस. आपल्या भागासाठी मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ ते बघतं. खालच्या पायऱ्या त्यांना जशाच्या तशा लागू नाहीत.

एजन्सीचा ट्रेनी: औद्योगिक पट्ट्यातल्या जुन्या पोरांना 'नीम' (एजन्सीमार्फत ट्रेनी घ्यायची सरकारी योजना) आठवत असेल. ती योजना बंद झाली, पण 'लर्न अँड अर्न', 'ऑन जॉब ट्रेनी' अशा नव्या नावांनी माणसं भरणं चालूच आहे. यातलं काही खरं, सरकारी चौकटीतलं असतं, काही नुसतं कंत्राटी काम. ओळखायचं कसं? एकच प्रश्न: "माझा करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर दिसेल का?" समोरचा अडखळला की समजायचं.

३. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

लागणारे कागद:

– आधार, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
– दहावीचं गुणपत्रक
– शाळा सोडल्याचा दाखला
– आयटीआयची सगळी गुणपत्रकं आणि ट्रेडचं प्रमाणपत्र (एनसीव्हीटी म्हणजे केंद्राच्या किंवा एससीव्हीटी म्हणजे राज्याच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं)
– जातीचा दाखला, लागू असेल तर. केंद्रीय आस्थापनांसाठी ओबीसींनी केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रिमीलेअर दाखला वेगळा काढावा
– बँक पासबुकाचं पहिलं पान
– पासपोर्ट फोटो, सहीचा स्कॅन
– स्वतःचा ईमेल आयडी, सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला नव्हे

शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. पासवर्ड कॅफेवाल्याकडे, ओटीपी मोठ्या भावाच्या जुन्या नंबरवर, आणि कंपनीची ऑफर त्या ईमेलमध्ये पडून मुदत संपलेली, अशी पोरं दरवर्षी भेटतात.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि बँकेत वडिलांचं नाव गायब. 'पाटील सागर विजय', 'सागर विजय पाटील' आणि 'सागर पाटील' हा माणसाच्या दृष्टीने एकच सागर. पोर्टलवर माहिती आधारवरून येते आणि नंतर कागद तपासणारा माणूस गुणपत्रक बघतो. नुसता क्रम बदललेला असेल तर बहुतेक ठिकाणी चालून जातं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर चालत नाही. आधार गुणपत्रकाप्रमाणे करून घ्या. उलटं करायला बोर्डाच्या फेऱ्या लागतात. आणि हे अर्ज भरायच्या आदल्या दिवशी करायचं काम नाही, निकालाची वाट बघता बघता उरकून टाका.

बँक खात्याचंही तसंच. तुम्ही फॉर्ममध्ये दिलेलं खातं आणि सरकारी पैसे ज्यात पडतात ते आधारला जोडलेलं खातं एकच असेल असं नाही. शिष्यवृत्तीसाठी कुणीतरी पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून दिलेलं असतं, पोरगा विसरलेला असतो, आणि पैसे तिकडे जमा होत राहतात. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतो. तो एकदा बघाच.

४. पोर्टलवर नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर 'कँडिडेट' म्हणून नोंदणी करा. ईमेलवर दुवा येतो, त्यावरून खातं चालू होतं. मग आधारची ई-केवायसी, शिक्षण, ट्रेड, बँक, कागद अपलोड. नोंदणी झाली की ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत तोच मागतात.

शिक्षणाच्या रकान्यात पोरं घाईने 'दहावी' टाकून पुढे जातात. तिथे आयटीआय आणि ट्रेड नीट भरा. विद्यावेतनाचा दर त्यावरच ठरतो.

नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. नोंदणीनंतर आस्थापना शोधून तिथल्या जागेला अर्ज करावा लागतो.

५. अर्ज कुठे करायचा, आणि आधी कुठे

इथे थांबून विचार करा. रेल्वे आणि बहुतेक सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत एक अट असते: ज्याने आधी अप्रेंटिसशिप केली आहे किंवा सध्या करतोय, तो अपात्र. म्हणजे जवळच्या शेडमधल्या कुठल्याही वर्कशॉपचा करार स्वीकारलात, तर तीन महिन्यांनी रेल्वेची जाहिरात आली तरी तुमचा अर्ज बाद. पहिला करार हाच बहुधा शेवटचा करार असतो. त्यामुळे क्रम ठरवा, आणि मोठ्या ठिकाणच्या जाहिरातींसाठी किती महिने थांबायचं याची तारीख घरच्यांशी बोलून पक्की करा.

रेल्वे: मध्य रेल्वेची जाहिरात मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर अशा विभागांसाठी येते. लेखी परीक्षा नाही. दहावीच्या आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून गुणवत्ता यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के, वय १५ ते २४, एससी-एसटीला पाच आणि ओबीसीला तीन वर्षांची सूट. दहावीला ज्यांनी मान मोडून अभ्यास केला त्यांना इथे फळ मिळतं. शिवाय रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा असतात. भरतीची परीक्षा मात्र द्यावीच लागते.

केंद्राचे कारखाने: ओझरचं एचएएल, माझगाव डॉक, मुंबईची नौदल गोदी, अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भद्रावतीचे आयुध कारखाने. शिकायला उत्तम. माझगाव डॉक आणि नौदल गोदीत लेखी परीक्षा असते.

महावितरण, एसटी: इलेक्ट्रिशियन-वायरमन पोरांनी महावितरणच्या आपल्या मंडळ कार्यालयाकडे लक्ष ठेवावं, मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकवाल्यांनी एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे. या जाहिराती जिल्ह्याच्या पातळीवर निघतात. पोर्टलवर अर्ज करून शिवाय कागदांचा संच कार्यालयात नेऊन द्यायचा, असा प्रकार असतो. मुदत कमी असते. स्थानिक पेपर बघत जा, आयटीआयच्या नोटीस बोर्डावरही लागतं.

खासगी: चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी. मोठ्या कंपन्या आयटीआयमध्येच कॅम्पस घेतात आणि जिल्ह्यात शिकाऊ उमेदवारी मेळावेही भरतात. कंपनी निवडताना माझी कसोटी साधी आहे: तिथे टूलरूम (साचे-हत्यारं बनवायची जागा) किंवा मेंटेनन्सचा स्वतःचा विभाग आहे का, आणि अप्रेंटिसला तिकडे पाठवतात का. हजार रुपये जास्त देणाऱ्या पण वर्षभर एकाच कन्व्हेयरवर उभं करणाऱ्या कंपनीपेक्षा टूलरूम असलेली लहान कंपनी मी घेईन. तिथेच आधी लागलेल्या एखाद्याला गाठा, कँटीनबाहेर पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलींनी मुलाखतीत बस आणि शिफ्ट हे दोन प्रश्न विचारायला अजिबात लाजू नये. कॉट बेसिसवर खोली आणि मेस याचा हिशेब मुलांनीही करावा. विद्यावेतनात पुण्याच्या पट्ट्यात राहणं ओढाताणीचंच आहे, घरून थोडी मदत लागते, हे घरी आधीच सांगा.

६. करार: सही करायच्या आधी वाचा

ऑफर आली, तुम्ही स्वीकारली की पोर्टलवर करार तयार होतो. तुमची, कंपनीची, आणि तुम्ही १८ च्या आत असाल तर पालकांची मान्यता लागते. मग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे (या कायद्याखालचा सरकारी अधिकारी) नोंदणी. कायद्यानुसार कंपनीने कराराची माहिती सात दिवसांत पोर्टलवर भरायची असते.

वाचताना बघायचं:

– ट्रेडचं नाव तुमच्या आयटीआयच्या ट्रेडशी जुळतं का, आणि समोर डेझिग्नेटेड आहे की ऑप्शनल
– आस्थापना म्हणून ज्या कंपनीत रोज जाणार तिचंच नाव आहे का. मध्ये एजन्सी असू शकते, पण प्रशिक्षण देणारी कंपनी कोण ते स्पष्ट हवं
– सुरू आणि शेवटची तारीख
– विद्यावेतनाचा आकडा

गेटपास मिळाला, टोकन नंबर मिळाला, बूट मिळाले, म्हणजे अप्रेंटिस झालो असं नाही. नोंदलेला करार क्रमांक हातात नसेल तर तुम्ही अप्रेंटिस आहात हे दाखवायला काहीच नाही. तसे कागदावर कामगारही नाही. मधल्या मधे लटकलेले. महिना झाला आणि एचआर "होतंय, होतंय" म्हणत असेल तर स्वतः पोर्टलवर लॉगिन करून बघा. काहीच दिसत नसेल तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय (बेसिक ट्रेनिंग अँड रिलेटेड इन्स्ट्रक्शन) केंद्रात जा. शिकाऊ उमेदवारीचं काम तिथून चालतं, आणि तिथली माणसं बहुतेक वेळा आपल्याच निदेशकांच्या ओळखीची असतात.

७. पैसे: 'कमी आले' म्हणायच्या आधी

२०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी किमान ७,००० रुपये महिना ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. करार करताना पोर्टलवर त्या दिवशी लागू असलेला दर बघा आणि त्याच्याशी आकडा ताडून पाहा. हा किमान दर आहे, कंपनी जास्त देऊ शकते आणि बऱ्याच देतात.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलतं. २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो. त्यामुळे महिन्याला दोन वेगळ्या जमा दिसू शकतात: ५,५०० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून. सरकारचा हप्ता मागेपुढे होतो. पहिल्या महिन्यात ५,५०० बघून कंपनीने पैसे मारले म्हणून ओरडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि सरकारी वाटा वर्षभर भलत्याच खात्यात पडत राहिल्याचं न कळलेलीही.

कंपनीचा वाटा मात्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवा. हा नियम आहे.

८. वर्षभर: वही, माप, आणि लाइन

अप्रेंटिसने कामाची नोंदवही ठेवायची असते. बहुतेकांच्या वहीत रोज एकच ओळ: "मेंटेनन्सला मदत केली." अशी वही रद्दीच्या भावाने जाईल. लिहायचं ते असं:

"कन्व्हेयर मोटर, ड्राइव्ह साइड. आवाज येत होता. बेअरिंग ६२०५. पुलरने काढलं. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला, २५ मिमीला थोडा कमी. सिनियरने स्लीव्ह करायला सांगितलं. नवीन बेअरिंग गरम करून बसवलं, हातोडी वापरली नाही."

सातच छोटी वाक्यं. पण पुढे मुलाखतीत "काय काम केलंस?" विचारलं की हीच वही बोलते. बेअरिंगचा नंबर, शाफ्टचं माप आणि हातोडी का नाही, हे सांगणाऱ्या पोराला समोरचा सुपरवायझर खुर्ची पुढे ओढून प्रश्न विचारायला लागतो. महिन्याच्या शेवटी वहीवर प्रशिक्षण अधिकाऱ्याची किंवा विभागप्रमुखाची सही घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम बारा सह्या मागितल्या की कुणी देत नाही.

आता लाइनचं. प्रॉडक्शनचं टार्गेट आलं की अप्रेंटिसला लाइनवर टाकतात. थोडे दिवस असेल तर तक्रार करू नका, लाइनवरही शिकायला मिळतं: सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), पोका-योके (चूक होऊच नये अशी मांडणी), क्वालिटीचं चेकिंग. पण महिनेच्या महिने एकाच स्टेशनला एकच बोल्ट आवळत असाल तर ते प्रशिक्षण नाही. मग असं करा. अभ्यासक्रमाची प्रत घ्या, त्यातल्या न झालेल्या कामांवर खुणा करा, आणि ती प्रत घेऊन प्रशिक्षण अधिकाऱ्याकडे जा. "सर, परीक्षेला हे येणार आहे, महिनाभर टूलरूमला टाकता का?" भांडण न करता असं मागितलं तर निम्म्या वेळा काम होतं. नाही झालं तर ईमेल करा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी सल्लागार. करारातून उद्भवलेला वाद त्याच्याकडेच जातो, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. ओव्हरटाइमलाही सल्लागाराची मंजुरी लागते. सुपरवायझरने "थांब रे दोन तास" म्हटल्याने ती मिळत नाही.

आणि बोटं सांभाळा. प्रेसवर, ग्राइंडरवर, चकमध्ये हातमोजे अडकून जे होतं ते बघवत नाही. ईएसआय नसली तरी कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने कंपनीवर आहे. जखम छोटी असली तरी अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. "कुणाला सांगू नकोस, मी दवाखान्याचे पैसे देतो" असं कुणी म्हणालं तरी. अप्रेंटिससाठी अपघात विमा काढलाय का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

९. मधेच सोडायचा मोह

नऊ-दहा महिने झाले की कुणीतरी फोन करतो: शेजारच्या कंपनीत कंत्राटावर पंधरा हजार मिळतायत, ये. सात हजारात काढणाऱ्याला हा मोह मोठाच. घरची खरंच अडचण असेल तर मी कुणाला अडवत नाही. पण करार अर्धवट सोडला की प्रमाणपत्र नाही, आणि दुसरीकडे पुन्हा अप्रेंटिस म्हणून लागायची वाटही बहुधा बंद. शिवाय करारातल्या अटी मोडल्या तर प्रशिक्षणाचा खर्च मागण्याची तरतूद आहे. खरोखर सोडायचंच असेल तर गप्प घरी बसू नका, करार रद्द करण्याचा अर्ज रीतसर द्या.

१०. परीक्षा आणि प्रमाणपत्र

डेझिग्नेटेड ट्रेडची मुदत संपत आली की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा अर्ज भरावा लागतो. तो बहुतेक कंपनीमार्फत जातो, पण कंपनी विसरते. एचआरमध्ये माणूस बदलला की तर नक्कीच विसरते. शेवटचे दोन महिने तुम्हीच मागे लागा. प्रात्यक्षिकाची तयारी करताना आयटीआयचा फाइलिंगचा (कानशीने घासायचा) सराव पुन्हा काढा. कंपनीत वर्षभर फाइल हातात न धरलेली पोरं तिथे अडकतात.

पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. रेल्वेच्या त्या २० टक्के जागांना ते लागतं, इतर भरतीत अनेक ठिकाणी प्राधान्य मिळतं, आणि पुढे कधी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हावंसं वाटलं तर तिथेही ते चालतं.

प्रमाणपत्र आलं की डाउनलोड करून तिथल्या तिथे नाव, ट्रेड, कंपनीचं नाव आणि तारखा तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र घेऊन बीटीआरआयला द्या. वर्षभराने गेलात तर एचआरमध्ये तुम्हाला ओळखणारा कुणी राहिलेला नसतो, आणि ते पत्र द्यायला कुणी तयार होत नाही.